मूळ दस्त आणि नक्कल

वकिलीच्या धंद्यात मूळ कागदाचे दर्शन तसे दुर्मिळच. दस्त एकदा न्यायालयात दाखल झाला, त्यावर निशाणी पडली, की तो दाव्याच्या इतर कागदांबरोबर गाठोड्यात बांधला जातो आणि पुढे त्याचा मुक्काम दप्तरखान्यात पडतो. मग वर्षानुवर्षे आम्ही वकील मंडळी जी भांडतो ती त्याच्या नकलेवर. अर्ज करावयाचा, फी भरावयाची, चार दिवस कारकुनाच्या टेबलाशी खेटे घालावयाचे आणि सही-शिक्क्याची खरी नक्कल हाती आली, की तिच्यावर पुढचा सारा संसार मांडावयाचा. पुराव्याचा कायदा मूळ दस्ताला प्राथमिक पुरावा म्हणतो आणि नकलेला दुय्यम. पण व्यवहारात मान मूळ दस्ताला आणि काम नकलेला, अशी वाटणी केव्हाच होऊन गेलेली आहे. घरातल्या थोरल्या माणसाला पाटावर बसवून ठेवावे आणि राबणूक धाकट्याने करावी, त्यातलाच हा प्रकार.

आम्हा बेळगावकर वकिलांच्या वाट्याला या नकलेची आणखी एक तऱ्हा येते. जुन्या घराण्यांची वाटणीपत्रे, खरेदीखते, गहाणखते पेट्यांतून बाहेर निघतात, ती पुष्कळदा मोडीत असतात. ओळ आधी ओढून घ्यावी आणि मग तिच्याखाली लेखणी न उचलता लिहीत सुटावे, अशी ती लिपी. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. असा कागद न्यायालयापुढे ठेवावयाचा तर त्यावर दोन संस्कार करावे लागतात. पहिला, मोडी जाणणाऱ्याकडून त्याची बालबोध नक्कल करून घेणे. येथे लिपी बदलते, भाषा तीच राहते. दुसरा, त्या बालबोध नकलेचे कन्नडात किंवा इंग्रजीत भाषांतर करून घेणे. येथे भाषाच बदलते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतर हे दोन संस्कार आमच्या रोजच्या अंगवळणी पडले आहेत. मोडीपासून बालबोध आणि बालबोधीपासून कन्नड, या दोन पायऱ्या उतरल्याशिवाय आमच्याकडे कोणाचे आजोबा बोलतच नाहीत.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण म्हणजे गेल्या पावसाळ्यातील एक आठवडा.

त्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका मृत्युपत्र करण्यासाठी माझ्याकडे आल्या. भिजलेली छत्री दाराशी टेकवून त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ओळखलंत का, वकीलसाहेब? सोळा वर्षांपूर्वी आम्ही दोघं आलो होतो. दत्तकाचं विचारायला."

मी ओळखले नव्हते. पण 'दत्तक' हा शब्द ऐकताच आठवण झाली. सनद घेऊन तेव्हा मला सहा-सात वर्षे झाली असतील. दोघेही शिक्षक, मूलबाळ नाही, एका संस्थेतील आठ महिन्यांची मुलगी त्यांच्या मनात भरलेली. कायद्याची माहिती त्यांना हवी होती, ती मी दिली. दत्तक मूल सर्वार्थाने दत्तक आईबापांचे मूल मानले जाते, हेही समजावून सांगितले. त्यांचे समाधान झाले; परंतु उठता उठता यजमानांनी एक प्रश्न विचारला, जो कायद्याचा नव्हता. त्यांच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे होते, की कोणाचे रक्त, कोणाचे काय, काही ठाऊक नाही. असले मूल घरात आणू नये. "तुम्हांला काय वाटतं?" त्यांनी मला विचारले.

वकिलाने अशा वेळी मौन पाळावे, हे कळण्याचे माझे वय नव्हते. मी म्हणालो, "कायदा नाव बदलून देतो. मूळ दस्त बदलून देत नाही. आणि मूळ दस्तात असेल तेच नकलेत उतरतं."

वाक्य सुचले याचा मला त्या वेळी आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे. चतुर वाक्य जिभेवर आले की ते खरे आहे की नाही हे पाहण्याचे भान राहत नाही. आमच्या धंद्याचा तो जुना रोग आहे.

"ह्यांना तुमचं ते वाक्य फार पटलं होतं," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. यजमान जाऊन चार वर्षे झाली होती. मुलगी आणावयाची राहिली ती राहिलीच. आता राहते घर कोणाच्या नावे करावे, हा प्रश्न घेऊन त्या आल्या होत्या. मी मुद्दे टिपून घेतले, पुढच्या आठवड्यात मसुदा तयार ठेवतो म्हणून सांगितले, आणि त्या गेल्यावर पुष्कळ वेळ दाराशी साचलेल्या छत्रीच्या पाण्याकडे पाहत बसलो.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीची बारावीची चाचणी होती. रात्री जेवणे आटोपल्यावर तिने जीवशास्त्राचे पुस्तक माझ्या हाती दिले आणि प्रश्न विचारण्याची कामगिरी माझ्यावर सोपवली. धडा आनुवंशिकतेच्या रेणूंचा होता. मी वाचून विचारावे आणि तिने न पाहता उत्तर द्यावे. डीएनएवरून आरएनए तयार होणे याला प्रतिलेखन म्हणतात आणि आरएनएवरून प्रथिन तयार होणे याला भाषांतरण म्हणतात, हे सांगून ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, हे तर तुमच्या मोडीसारखंच आहे. आधी लिपी बदलायची, मग भाषा."

मी पुस्तक मिटले नाही. ती झोपावयास गेली तरी मी वाचतच बसलो; आणि त्या रात्रीनंतर महिनाभर, दाव्यांच्या कागदांतून वेळ चोरून, मिळेल ते वाचत राहिलो.

मुलीची उपमा तंतोतंत होती. माणसाच्या प्रत्येक पेशीत, तांबड्या रक्तपेशींसारखे थोडे अपवाद सोडले तर, मूळ दस्त असतो. त्याची अक्षरे चारच. पण एका संचात ती सुमारे तीन अब्ज भरतात. मोडीप्रमाणेच येथेही शब्दाशब्दांत अंतर नाही. या अफाट मजकुरात प्रथिने घडवण्याचे पाठ देणारी जनुके सुमारे वीस हजार, आणि त्या पाठांनी व्यापलेली जागा शंभरात दोन भागांहूनही कमी. हा दस्त पेशीच्या केंद्रकात सांभाळून ठेवलेला असतो. प्रथिने घडवण्याचा कारखाना मात्र केंद्रकाबाहेर. मूळ दस्त जागचा हलत नाही. त्याच्या हव्या तेवढ्या भागाची आरएनएच्या रूपात नक्कल होते आणि ती नक्कल कामावर जाते. लिपीतला फरक किरकोळ; डीएनएत जेथे 'टी' हे अक्षर यावे तेथे आरएनएत 'यू' येते. पुढे रायबोसोम नावाच्या कणांवर या नकलेतील तीन-तीन अक्षरे वाचून एकेक अमिनो आम्ल जोडले जाते, आणि वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळेतून प्रथिन तयार होते. येथे भाषा बदलली. मान मूळ दस्ताला, काम नकलेला. आमचा दप्तरखाना निसर्गाने अब्जावधी वर्षे आधी उघडलेला होता.

येथवर वाचले तेव्हा माझ्या मनात एक लबाड समाधान उगवले. मूळ दस्तात असेल तेच नकलेत उतरते, हे माझे वाक्य शास्त्रसंमत ठरत होते! आरोपीला आपल्या बाजूचा साक्षीदार अवचित सापडावा तसे मला झाले. पण साक्षीदाराची उलटतपासणी अजून व्हावयाची होती.

ती केली दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी. त्यांपैकी थोरले जाक मोनो. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात, जीवाणू कसे वाढतात याचा ते अभ्यास करीत होते. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूला त्यांनी दोन साखरा एकदम खाऊ घातल्या: द्राक्षशर्करा आणि दुग्धशर्करा. जीवाणूने दोन्ही एकदम खाल्ल्या नाहीत. आधी द्राक्षशर्करा संपवली. मग काही वेळ वाढ थांबली. आणि त्यानंतर दुग्धशर्करेवर वाढ पुन्हा सुरू झाली. मधल्या थांब्यात काय घडत होते? दुग्धशर्करा फोडण्यासाठी एक विशिष्ट विकर लागतो. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक कामे उरकणारे प्रथिन. त्या थांब्यात जीवाणू हा विकर घडवू लागत होता. दुग्धशर्करा नसताना एकेका जीवाणूत या विकराचे जेमतेम चार-दोन रेणू सापडत. ती मिळताच ते हजारोंच्या घरात जात. दस्त तोच, त्यातले अक्षरही बदललेले नाही. तरी त्यातील एका कलमाची अंमलबजावणी एका वेळी होते आणि दुसऱ्या वेळी होत नाही. ही काय भानगड आहे, या एका प्रश्नात मोनो यांची पुढची वीस वर्षे गेली.

मध्ये युद्ध होते. मोनो जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकार-चळवळीत होते. चळवळीचे कागद ते विद्यापीठातील प्राणिसंग्रहात उभ्या केलेल्या जिराफाच्या पायांच्या हाडांत लपवून ठेवीत, असे सांगतात. त्यांचे धाकटे सहकारी फ्रान्स्वा जाकोब १९४० साली वैद्यकाचे शिक्षण अर्धे टाकून इंग्लंडला गेले आणि स्वतंत्र फ्रेंच सेनेत दाखल झाले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत ते इतके जखमी झाले, की शल्यविशारद होण्याचे स्वप्न कायमचे मोडले. निराळे आयुष्य शोधीत हा मनुष्य १९५० साली पाश्चर संस्थेच्या माळ्यावरील प्रयोगशाळेत आंद्रे ल्वॉफ यांच्या हाताखाली येऊन पोहोचला. त्याच माळ्याच्या दुसऱ्या टोकाला मोनो काम करीत होते.

मोनो यांचा बराच काळ असा समज होता, की दुग्धशर्करा पेशीला काही आज्ञा देते आणि त्या आज्ञेने विकर तयार होऊ लागतो. मोनो, जाकोब आणि अमेरिकेहून आलेले आर्थर पार्डी या तिघांनी मिळून एक प्रयोग केला. त्याचा सविस्तर वृत्तान्त १९५९ साली प्रसिद्ध झाला. जीवाणूंत नर-मादीसारखा एक प्रकार असतो आणि नराचे जनुक मादीत शिरू शकते. ज्या मादीत हे विकराचे जनुक बिघडलेले होते तिच्यात नराकडून चांगले जनुक जाऊ दिले, आणि दुग्धशर्करा मुळीच दिली नाही. आज्ञा देणारे कोणी नसताना विकर तयार होऊ नये. पण तो काही मिनिटांतच तयार होऊ लागला, आणि तोही पूर्ण वेगाने! पुढे तास-दीड तासाने मात्र उत्पादन आपोआप बंद पडले. याचा अर्थ उलटाच निघत होता. जनुक मूळचे चालूच होते. नराकडून आलेल्या दुसऱ्या एका जनुकाने हळूहळू काहीतरी पदार्थ घडवला आणि त्या पदार्थाने ते बंद पाडले. दुग्धशर्करा आज्ञा देत नव्हती. ती बंदी उठवीत होती.

आमच्या भाषेत याला मनाईहुकूम म्हणतात. दस्त खरा, हक्क शाबूत, वहिवाट करण्यास मनुष्य तयार. पण न्यायालयाचा मनाईहुकूम आहे तोवर पाऊल टाकता येत नाही. तो उठला की दुसऱ्याच क्षणी नांगर शेतात. हा मनाईहुकूम नेमका कोठे बजावला जातो, याचा उलगडा जाकोब यांना १९५८ च्या उन्हाळ्यात झाला, तोही एका चित्रपटगृहात. पत्नीसोबत ते बसले होते; पडद्यावर काय चालले आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते; आणि एकाएकी त्यांना दिसले, की जीवाणूत दडून बसलेला विषाणू आणि दुग्धशर्करेचा विकर या दोन्ही प्रकरणांत एकच युक्ती आहे. बंदी घालणारा पदार्थ सरळ डीएनएवरच जाऊन बसत असला पाहिजे. नक्कल जेथून सुरू व्हावयाची तेथेच तो ठाण मांडतो. मग नकलनवीस पुढे सरकणार कसा?

हा नकलनवीस म्हणजे आरएनए पॉलिमरेज नावाचा विकर. त्याचा शोध १९६० च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांत लागला. बंदी घालणारे प्रथिन हार्वर्ड येथे वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ साली प्रत्यक्ष वेगळे करून दाखवले; एकेका जीवाणूत ते फक्त दहाच्या आसपास रेणूंइतके असते. दुग्धशर्करेपासून बनलेला एक लहानसा रेणू या प्रथिनाला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, त्याची डीएनएवरील पकड सुटते आणि मनाईहुकूम उठतो. तरीही द्राक्षशर्करा हाताशी असेल तर नक्कल रडतखडतच होते. ती संपल्याची वर्दी घेऊन दुसरे एक प्रथिन आले, की मग काम जोराने चालू लागते. एका अर्जावर दोन शेरे लागावेत, तसे हे आहे.

परंतु या नकलेला अजून कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. जनुक आत शिरताच काही मिनिटांत प्रथिन तयार होते, याअर्थी मध्ये एखादा झटपट तयार होणारा आणि झटपट नाहीसा होणारा दूत असला पाहिजे, एवढा तर्क होता. १९६० सालच्या गुड फ्रायडेला, १५ एप्रिल रोजी, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत जाकोब आपले प्रयोग सांगत होते. फ्रान्सिस क्रिकही तेथे होते. ऐकता ऐकता ब्रेनर आणि क्रिक यांना चार वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आठवला. विषाणूने जीवाणूवर हल्ला केला, की जीवाणूत एक अल्पायुषी आरएनए तयार होतो, असे त्यात आढळले होते. मात्र त्याचा अर्थ लागला नव्हता. तोच हा दूत!

सिद्ध करण्यासाठी ब्रेनर आणि जाकोब त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन यांच्या प्रयोगशाळेत गेले. जुने रायबोसोम जड समस्थानिकांनी वजनदार करून ठेवायचे, मग विषाणू सोडायचा आणि नवा आरएनए जुन्या रायबोसोमवर जाऊन बसतो का, ते पाहायचे, अशी योजना. मुक्काम संपत आला तरी प्रयोग जमेना; रायबोसोम फुटून जात. एके दिवशी हताश होऊन मंडळी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसली असता ब्रेनर एकदम ओरडत उठले, "मॅग्नेशियम!" रायबोसोमला एकत्र धरून ठेवणारे मॅग्नेशियम त्यांच्या द्रावणात कमी पडत होते. ते वाढवले आणि प्रयोग यशस्वी झाला: भाषांतरकार जुनाच, कागद तेवढा नवा. १९६१ च्या मे महिन्यात 'नेचर' मध्ये हा वृत्तान्त छापून आला. त्याच अंकात फ्रान्स्वा ग्रो, जेम्स वॉटसन प्रभृतींचाही याच निष्कर्षाचा लेख होता. १९६५ साली ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या दूताची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याचे अल्प आयुष्य. जीवाणूच्या पेशीत ही नक्कल बहुधा काही मिनिटेच टिकते. मग तिचे तुकडे होतात आणि अक्षरे पुन्हा वापरात येतात. माझ्या कपाटात चाळीस-चाळीस वर्षांच्या नकला पडून आहेत, कारण माझ्या आधीच्या वकिलांनी त्या जपून ठेवल्या. पेशी काही जपून ठेवीत नाही. काल दिलेली नक्कल आज बाद. आज परिस्थिती पालटली तर नवा अर्ज, नवी नक्कल. आणि म्हणूनच तिला आपली वागणूक बदलता येते.

पुढे जे वाचले त्याने माझ्या वाक्याचा उरलासुरला आधारही काढून घेतला. आपल्या यकृतातील पेशी आणि डोळ्यातील पेशी यांच्याजवळ मूळ दस्त एकच असतो. एक पित्त घडवते आणि दुसरी उजेड टिपते, ती दस्त निराळा म्हणून नव्हे. कोणत्या कलमांच्या नकला काढल्या गेल्या आणि कोणती कलमे मिटून ठेवली गेली, एवढाच काय तो भेद. आणि 'दस्तात असेल तेच नकलेत उतरते' हेही शब्दशः खरे नाही. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे असे आढळले, की जनुकाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो. नक्कल झाल्यावर मधले काही भाग कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. ही जोडणी निरनिराळ्या प्रकारे होऊ शकते, म्हणून एकाच जनुकापासून अनेक प्रथिने निघतात. असली नक्कल मी न्यायालयात दाखल केली असती तर माझी सनद गेली असती!

येथे मात्र वकिलाने जपून बोलले पाहिजे. एका वाक्याने मी एकदा घात केला. आता दुसऱ्या, उलट्या वाक्याने तोच अपराध करू नये. जीवाणू साखर कशी खातो यावरून माणसाचे शील कसे घडते याचा निकाल देणे हा उतावळेपणा होईल. मूळ दस्ताला काहीच किंमत नाही, असेही कोणी समजू नये. एका अक्षराच्या बदलाने रक्ताचे दुर्धर आजार होतात, आणि ते आईबापांकडून मुलांकडे जातात, हे निर्विवाद आहे. पण परिस्थिती दस्ताच्या वाचनावर खूण करून जाते, याचा माणसांतलाही पुरावा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. गर्भावस्थेच्या आरंभी त्या उपासमारीत सापडलेल्यांचे डीएनए पुढे साठ वर्षांनी तपासले गेले. २००८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाढीशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्यात त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा थोड्या कमी आढळल्या. अक्षरे तीच होती. समासातल्या खुणा बदललेल्या होत्या. फरक लहान आहे, आणि त्यावरून फार मोठे बोलू नये. परंतु एवढे तरी म्हणता येते, की मूळ दस्त पाहून मनुष्याचा निकाल लावता येतो असे समजणारा वकील शास्त्राच्या न्यायालयात टिकणार नाही. आणि मी तर त्या मुलीचा मूळ दस्तही पाहिलेला नव्हता! न पाहिलेल्या कागदावर मी अभिप्राय दिला होता. कोणत्याही दाव्यात मी असे करीत नाही.

मोनो यांची मला पुन्हा पुन्हा आठवण येत राहिली. वर्षानुवर्षे बाळगलेले मत एका प्रयोगापुढे त्यांनी खाली ठेवले. त्यांच्या मताने कोणाचे घर रिकामे राहिले नव्हते. तरी त्यांनी ते ठेवले. माझ्या मताला सोळा वर्षे झाली होती, आणि ते खोटे ठरल्याचे ऐकावयास त्या दोघांपैकी एकच मनुष्य उरले होते.

महिन्याच्या अखेरीस बाई मसुदा वाचावयास आल्या. मधल्या काळात दोनदा मीच तारीख पुढे ढकलली होती. कारण सांगितले होते कामाचे, खरे ते नव्हते. घर पुतण्याच्या नावे करावयाचे होते. ज्या थोरल्या बंधूंनी रक्ताचा आक्षेप काढला होता त्यांचाच तो मुलगा. "चांगला आहे हो," बाई म्हणाल्या, "मला दवाखान्यात तोच नेतो." मसुदा वाचून झाला. मग मी त्यांना म्हणालो, "बाई, त्या वेळी मी जे बोललो ते चूक होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळतंय असं दाखवून मी बोललो." शास्त्र, जीवाणू, पॅरिस यांतले काही मी सांगितले नाही. ते माझ्या समाधानासाठी होते. त्यांना त्याचा काय उपयोग?

त्या काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसतं तुमच्या वाक्यामुळे नाही झालं, वकीलसाहेब. आम्हांलाही भीती वाटतच होती. तुमच्या वाक्यानं तिला नाव मिळालं." आणि थोड्या वेळाने, "पण सांगितलंत ते बरं केलंत."

उठण्यापूर्वी त्यांनी मसुद्यात एक कलम वाढवावयास सांगितले. कपाटात चांदीच्या वाळ्यांचा एक जोड आहे. त्या वेळी घेऊन ठेवला होता. तो त्या संस्थेला द्यावा. कोणाच्या नावे, असे मी सवयीने विचारले. "नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "जे मूल असेल त्याला."

ते कलम मी माझ्या हाताने लिहिले. दोन साक्षीदारांसमक्ष सह्या झाल्या. मूळ मृत्युपत्र बाई घेऊन गेल्या. नक्कल माझ्याजवळ आहे.